आठवा टॉवेल

मुलांनो, जरा डोळे मिटा. नीट मिटा. छत्तीस वर्षं गणित शिकवलंय मी. एक डोळा किलकिला ठेवून बघणारं पोर मला शेवटच्या बाकावरचंही दिसतं. मिटलेत? आता अशी कल्पना करा, की… थांबा. डोळे मिटल्यावर तुम्ही हे वाचणार कसं? उघडा बरं. ही माझी पहिली चूक. गोष्ट संपेपर्यंत अजून बऱ्याच येणार आहेत, तेव्हा मोजायला दोन्ही हातांची बोटं तयार ठेवा.

तर उघड्या डोळ्यांनी कल्पना करा. सुट्टीतली दुपार आहे. घरामागच्या अंगणात हवा भरलेला रबरी टब आहे, त्यात गुडघाभर पाणी आहे आणि त्या पाण्यात आळीतली सात पोरं एकमेकांना बुडवायचा प्रयत्न करताहेत. तुम्ही मात्र टबात नाही. तुम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, दोन पायऱ्या वर, चाकांच्या खुर्चीवर बसला आहात आणि तुमच्या मांडीवर टॉवेलांची चळत आहे. जो बाहेर येईल त्याला त्याचा टॉवेल द्यायचा. एवढंच तुमचं काम.

ती खुर्ची माझ्या नातीची. नात आठ वर्षांची आहे. तिचे पाय तिचं ऐकत नाहीत. घरातले बाकी सगळे ऐकतात, म्हणून आम्ही तिला मुकादम म्हणतो.

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मुकादमनं मला हाक मारली.

"आजोबा, एक गणित घाला."

"तू घाल, मी सोडवतो."

"टबात पोरं सात. माझ्याकडे टॉवेल आठ. आठवा कोणाचा?"

"तुझा."

"मग तो नेहमी कोरडाच का असतो?"

मी चष्मा पुसायला घेतला. छत्तीस वर्षांत मला कोणी इतकं सोपं आणि इतकं अवघड गणित घातलं नव्हतं.

असं नव्हे, की आम्ही काही केलंच नव्हतं. मागच्या सुट्टीत मी तिला उचलून टबात बसवलं होतं. पाच मिनिटांत तिनं फर्मान काढलं, "मला बाहेर काढा. तुम्ही मला कुंडीसारखं ठेवलंय, आणि हे सगळे मला पाणी घालताहेत." तिला पाणी अंगावर घ्यायचं नव्हतं, पाण्याशी काहीतरी करायचं होतं. खुर्चीत बसून, स्वतःच्या हातांनी, इतरांच्या बरोबरीनं.

दुसऱ्या दिवशी ती पंधरा दिवसांसाठी मामाकडे गेली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी माझ्या बायकोला म्हणालो, "अगं, ती यायच्या आत मी अंगणात पाण्याचं टेबल बांधणार."

"म्हणजे काय करणार?"

मी कागदावर काढून दाखवलं. खुर्चीत बसून हात पोचतील एवढं उंच टेबल. त्यावर पत्र्याची उथळ ताटं, एकापेक्षा एक खाली. त्यांना जोडणाऱ्या पन्हळी, त्यांत अडवायला-सोडायला छोटी दारं. वरच्या टोकाला नळ सोडायचा, की पाणी धावत धावत शेवटच्या ताटापर्यंत. आणि दारातून अंगणात उतरायला पायऱ्यांवर उतार.

बायकोनं कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. "छान आहे. पण तिला विचारा ना. फोन करा."

"छे! आश्चर्याचा धक्का द्यायचाय."

"तुमचे धक्के मला माहीत आहेत," ती म्हणाली आणि कागदावर भाजीची टोपली ठेवून निघून गेली.

बोटं मोजताय ना? दोन झाली.

प्लंबर माझाच जुना विद्यार्थी. पत्रा, पाइप, विटा, फरशी, सगळं करतो. हाताला त्याच्या जादू आहे, पण भूमितीत त्याला मी शंभरपैकी अकरा गुण दिले होते. ते मी विसरलो नव्हतो आणि दुर्दैवानं तोही विसरला नव्हता.

आधी उताराचं काम काढलं. मी हिशेब केला: दारापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत जागा साडेचार पावलं, म्हणजे उतार साडेचार पावलांचा.

प्लंबर डोकं खाजवत म्हणाला, "सर, जरा जास्तच उभा होतोय."

"तुला भूमितीत किती होते रे?"

"अकरा, सर."

"मग?"

तो मी सांगितलं तसा उतार बांधून गेला. सिमेंट सुकलं. आता चाचणी कोण घेणार? मुकादमची खुर्ची तिच्याबरोबर मामाकडे. पण माळ्यावर तिची जुनी खुर्ची होती, नवी घेतली तेव्हा ठेवून दिलेली. मी ती काढली, पुसली, चाकांना तेल दिलं. तेल जरा सढळ हातानं दिलं. मग दोन्ही बाजूंनी अंग चोरून तिच्यात बसलो, ताठ मानेनं दारात आलो आणि चाकं सोडली.

पुढचं मला तुटक आठवतं. वारा लागला हे आठवतं. दोरीवरची चादर तोंडावर आली हेही आठवतं. ती चादर अंगावर घेऊन मी अंगण ओलांडलं आणि शेजाऱ्यांच्या मेंदीच्या कुंपणात शिरलो. चादरीतून डोकं बाहेर काढलं, तर समोर वीतभर अंतरावर शेजाऱ्यांचा चेहरा.

हे शेजारी विमा कंपनीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांना संकटं समजावून सांगितल्यामुळे त्यांना साध्या खुर्चीतही संकट दिसतं. आम्ही त्यांना विमेवाले म्हणतो. कुंपणावरून त्यांचं फक्त डोकं दिसतं, पण सल्ला पूर्ण येतो.

"मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "याला ब्रेक असतो."

"माहीत आहे."

"आणि या वयात हाड मोडलं, तर ते…"

"नाही मोडलं."

"आत्ता नाही मोडलं," विमेवाल्यांनी दुरुस्ती केली. "आणि हे पाण्याचं काय ऐकतोय मी? पाणी ओलं असतं, मास्तर. पोरं घसरतील. सर्दी होईल. पत्र्यावर ऊन पडून एखाद्याचे डोळे दिपतील आणि तो येऊन माझ्या कुंपणात पडेल."

मी अंगावरची चादर सोडवून तिची घडी घालू लागलो. शिक्षकाची अब्रू ही इस्त्रीच्या सदऱ्यासारखी असते. एकदा मेंदीत शिरली, की परत घडी बसत नाही.

दुसऱ्या दिवशी प्लंबरनं कुंपणाची अवस्था पाहिली, माझं खरचटलेलं कोपर पाहिलं. त्यानं खिशातून पेन्सिल काढून भिंतीवर मोठा आकडा लिहिला: ११. मग म्हणाला, "सर, इस्पितळात काम केलंय मी. वीतभर उंचीला बारा विती लांबी लागते. सरळ नाही बसत, तर मध्ये वळण देऊ." मुलांनो, हे वहीत लिहून घ्या. मीही घेतलं. नवा उतार दारातून निघून भिंतीच्या कडेनं वळत गेला, आणि त्यावर बायकोनं भाजीची टोपली ठेवलेली हातगाडी एका बोटानं वर-खाली नेऊन दाखवली.

मग टेबल. इथे मी ठरवलं, की आता चूक होऊ द्यायची नाही. माळ्यावरची खुर्ची मधोमध ठेवली आणि मापं घेतली. बैठकीची उंची, हातांची उंची, चाकांची रुंदी. प्रत्येक माप तीनदा. कागदावर तक्ता केला, खाली दुहेरी रेघ मारली. प्लंबरनं लोखंडी पाइपांचे पाय केले, पुढे गुळगुळीत लाकडी फळी बसवली, पत्र्याच्या कडा अशा वळवल्या की बोट फिरवलं तरी कापणार नाही. टेबल इतकं देखणं झालं, की मी विनाकारण त्याभोवती फिरायचो. विमेवालेही कुंपणावरून बराच वेळ पाहत होते आणि शेवटी म्हणाले, "गंजेल." त्यांच्या तोंडी हे कौतुकच.

राहिला नळ. अंगणात नवा नळ घ्यायचा तर पाणीखात्याची परवानगी लागते. मी खात्यात गेलो. खिडकीमागच्या कारकुनानं अर्ज पुढे सरकवला.

"नळ कशासाठी?"

"मुलांच्या खेळासाठी. माझ्या नातीला…" आणि मी त्याला टॉवेलाच्या गणितापासून सगळं सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवून ऐकलं. माणूस चांगला होता. पण अर्ज त्यानं छापला नव्हता.

"आजोबा, इथे चारच रकाने आहेत. बाग, बांधकाम, जनावरं आणि इतर."

"इतर लिहा."

त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. "इतर लिहिलं की अर्ज वरच्या मजल्यावर जातो. मी इथे अकरा वर्षं आहे. वर गेलेला अर्ज खाली आलेला मी अजून पाहिला नाही."

त्या अकराच्या आकड्यानं माझा पिच्छाच पुरवला होता.

"तुमचं टेबल जमिनीपासून वर आहे?" त्यानं विचारलं. "वर उघडं? पाणी साठतं? भोवती उभं राहून पाण्यात… काहीतरी घालणार?"

"हात घालणार."

"जनावरं," तो म्हणाला आणि रकान्यात खूण केली. "गोठ्यातलं पाण्याचं कुंड. चार दिवसांत निरीक्षक येतील. काम झालं समजा."

चौथ्या दिवशी मुकादम परत आली. टेबल मी ताडपत्रीखाली झाकून ठेवलं होतं. आळीतली सातही पोरं भोवती गोळा केली होती, त्यांत सगळ्यात लहान तीन वर्षांची टिकलीही होती. मुकादम दारात आली. तिनं उतार पाहिला. चाकांवर हात ठेवले आणि एकटी, कोणी न धरता, वळण घेऊन अंगणात उतरली. तिच्या जन्मात ती पहिल्यांदा त्या अंगणात स्वतःच्या मर्जीनं आली होती. बायकोनं पदर डोळ्याला लावला. मी ताडपत्रीला हात घातला.

आणि फाटकातून आवाज आला, "पाणीखातं! जनावरं कुठे आहेत?"

कडक इस्त्रीचे कपडे, काखेत नोंदवही, कमरेला पोलादी टेप. निरीक्षक.

"कोणती जनावरं?" बायकोनं विचारलं. तिला मी हे सांगायचं विसरलो होतो.

"अर्जात जनावरं आहेत. किती आहेत ती मोजून जायचं आहे मला."

बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षं मी ज्या नजरेनं वर्ग गप्प केला, ती मी तिच्याकडूनच उचललेली आहे. मग ती गोड आवाजात म्हणाली, "आठ लहान. आणि एक म्हातारं, हे काय उभंय."

पोरांना एवढं पुरे झालं. कोणी हंबरलं, कोणी भुंकलं. टिकली म्याव म्हणाली. निरीक्षकांनी नोंदवही उघडली, मिटली. मी घाईघाईनं ताडपत्री ओढली आणि खरं ते सांगून टाकलं. बोलून झालं तेव्हा मुकादम टेबलापाशी पोचली होती.

ती पोचली, पण तिचे गुडघे फळीला अडले.

ती मागे आली, पुन्हा पुढे गेली. टक. गुडघे फळीखाली जात नव्हते. पाणी हातभर पुढे आणि ती काठाच्या बाहेर. तिनं खुर्ची आडवी लावून पाहिली. कमरेतून पिळवटून एक हात कसाबसा ताटाच्या कडेला लागला. हंबरणं-भुंकणं थांबलं. टिकलीसुद्धा म्याव म्हणायची थांबली.

"आजोबा, हे कोणाच्या मापानं केलंत?"

"तुझ्याच. तुझी जुनी खुर्ची होती ना माळ्यावर…"

"ती मला लहान व्हायला लागली, म्हणून तर नवी घेतली."

सगळी मापं तीनदा घेतली होती. तक्ता केला होता. दुहेरी रेघ मारली होती. आणि टेबल मी गेल्या वर्षीच्या नातीसाठी बांधलं होतं. आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा, हे ज्यानं हजारो पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं, त्यानं प्रश्न वाचलाच नव्हता. प्रश्न मामाकडे होता आणि मामाकडे फोन होता.

मला वाटलं ती रडेल. ती निरीक्षकांकडे वळली.

"काका, टेप देता?"

निरीक्षकांनी टेप दिला. का दिला ते त्यांनाही कळलं नसावं. तिचा आवाज तसा असतो.

"हे टोक जमिनीवर धरा. नाही, खाली बसून धरा. आता माझ्या गुडघ्यापर्यंत. वर चार बोटं मोकळी सोडा. किती झालं?"

कडक इस्त्रीचा माणूस मातीत गुडघे टेकून आकडे सांगू लागला.

"लिहा," मुकादम म्हणाली, आणि ते पाणीखात्याच्या नोंदवहीत लिहूही लागले. गुडघ्याची उंची, हात टेकायची उंची, हात सरळ केल्यावर पोचतो ते अंतर. प्लंबर शेजारी उकिडवा बसून मान डोलवत होता. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. तिनं पानभर मापं सांगितली आणि एकही माप तिला दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मी चुकल्याचं दुःख करायचं विसरलोच. माझ्या कुठल्याही वर्गात असं कोणी नव्हतं, आणि ही माझ्या घरात होती.

"पुढची फळी काढायची," ती प्लंबरला म्हणाली. "पाय वाढवायचे."

"होऊन जाईल," प्लंबर म्हणाला. आणि माझ्याकडे न बघता पुटपुटला, "शंभरपैकी शंभर."

निरीक्षकांनी कपड्यांवरची माती झटकली. "मास्तर, नळ मिळणार नाही. जनावरं निघाली नाहीत." त्यांनी अर्जावर नामंजूर लिहिलं. मग जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली आणि कागद माझ्या हाती दिला. लिहिलं होतं: 'पिंप व हातपंप यांस खात्याच्या परवानगीची गरज नाही.'

पुढच्या रविवारी टेबल पुन्हा उभं राहिलं. पायांना पाइपचे तुकडे जोडलेले, पुढचा काठ मोकळा. शेवटच्या ताटाखाली पिंप, आणि वरच्या टोकाला प्लंबरनं आपल्या अडगळीतून आणलेला जुना हातपंप. पंप मारला की पिंपातलं पाणी वर चढायचं, पन्हळींतून धावत पुन्हा पिंपात. तेच पाणी, गोल गोल.

पण तो पंप भलताच घट्ट होता. सातातला सगळ्यात मोठा पोरगा दांड्याला लोंबकळला. पंप हलला नाही. मी जोर लावला. पंपानं नुसता घसा खाकरला. विमेवाले कुंपणावरून म्हणाले, "खांदा निखळेल."

"सरका," मुकादम म्हणाली.

तिनं खुर्ची टेबलाखाली घातली. गुडघे गेले, चार बोटं मोकळी राहिली. ब्रेक लावले. दोन्ही हातांनी दांडा धरला. मुलांनो, जो माणूस रोज सकाळपासून रात्रीपर्यंत हातांनी चालतो, त्याचे हात कसे असतील याची आता कल्पना करा. पंप एकदा कुरकुरला आणि पाणी उसळून आलं. पहिलं ताट भरलं, पन्हळ धावली, दारं उघडली, पोरं किंचाळली. एकानं बांध घातला, दुसऱ्यानं तो फोडला, आणि पाण्याचा पहिला मोठा लोट थेट मुकादमच्या तोंडावर. ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. आठवा टॉवेल तिच्या मांडीवरच होता. तो पिळला असता तर तांब्याभर पाणी निघालं असतं.

मी छाती फुगवून कुंपणाकडे पाहिलं. विमेवाल्यांच्या चष्म्यावर पाणी उडालं होतं आणि ते चष्मा पुसत नव्हते.

गोष्ट इथे संपवायला हरकत नव्हती. माझा मान बराचसा परत आला होता. पण तेवढ्यात मला टिकली दिसली. उंच केलेल्या टेबलाशी ती टाचा उंचावून उभी होती आणि तिचं फक्त कपाळ काठावर येत होतं. ओठ काढून रडायच्या बेतात. पोर रडता कामा नये, त्याला काहीतरी काम द्यावं, हा माझा छत्तीस वर्षांचा अनुभव. मी बाकीचे सात टॉवेल गोळा केले आणि तिच्या हातांवर ठेवले.

"टिकली, तू हे धर हं. शहाणी ना तू?"

पंप थांबला. पाणी थांबलं. सगळ्यांनी वर पाहिलं.

"आजोबा," मुकादम हळू आवाजात म्हणाली, "हिला मोजलं होतं का?"

मी टिकलीकडे पाहिलं. टॉवेलांच्या चळतीमागून तिचे दोन डोळे दिसत होते. ते डोळे मी कुठे पाहिले होते, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. बोटं संपली असतील तर माझी घ्या.

मुकादमनं ब्रेक सोडले आणि खुर्ची मागे घेतली. टिकलीच्या हातांवरचे टॉवेल एकेक करून उचलले आणि माझ्या खांद्यांवर टाकले, तीन उजव्या, चार डाव्या. आठवा, स्वतःचा, ओलाचिंब, तिनं मला खाली वाकायला लावून माझ्या डोक्यावर ठेवला. मग टिकलीच्या बगलेत हात घालून तिला उचललं, मांडीवर बसवलं, तिचं पोट काठाला टेकेपर्यंत खुर्ची पुढे नेली आणि दांड्याला हात घातला.